आडवं निशाण

ओर्फेलिनानं माशाचं डोकं एका घावात उडवलं आणि सुरी फळीतच रुतवून ठेवली.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली. "आत्ता काय म्हणालात ते पुन्हा एकदा म्हणा, बाबा."

बाल्दोमेरो सिस्तेर्नास अंगणातल्या पिंपाला आरशाचा तुकडा टेकवून दाढी करत होता. सान पेद्रोचा सण होता. लोबेराच्या कोळीवाड्यात या दिवशी कुणी जाळं ओलं करत नाही.

"म्हणालो की पोरानं केलं ते बरोबर केलं," तो आरशातल्या स्वतःलाच सांगितल्यासारखा बोलला. "संत रस्त्यात असला की चिनो त्याला ओलांडून जात नाही. पोर थांबलं, वाकलं, मग गेलं. सुतक धरण्यासारखं काय आहे यात?"

"पोर थांबलं."

"थांबलं."

"आपल्या मनानं."

वस्तरा गालावर क्षणभर अडला. "मग काय, दोरी बांधली होती त्याला?"

ओर्फेलिनानं अंगणाच्या टोकाकडं पाहिलं. तिथं पालथ्या घातलेल्या होडीवर तिचा धाकटा भाऊ एवारिस्तो आपल्या पाव्याला मेणाचा दोरा गुंडाळत बसला होता. रविवारपासून तो बापाशी एक शब्द बोलला नव्हता. बाकीच्यांशीही मोजकंच. त्याच्या पलीकडं थोरला लिसान्द्रो होडीसाठी कागदाची फुलं बांधत होता आणि प्रत्येक फूल असं निरखून पाहत होता, जणू त्याच्या आयुष्यात फुलांखेरीज दुसरं काही उरलंच नव्हतं. तोमासाआत्या चुलीपाशी भोपळ्याच्या पुऱ्या तळत होती. समुद्रावरून आलेलं धुकं अजून उठलं नव्हतं. कढईचा धूर त्यात शिरायचा आणि तिथंच राहायचा, या घरातल्या बोलण्यासारखा.

रविवारी काय झालं ते या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणूनच तर कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

वालपराईसोच्या बंदरातून निघून किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं आणि वळसा घालून पुन्हा बंदरात यायचं, अशी शर्यत होती. पहिले दोघं आगगाडीनं डोंगरापलीकडं, बुएनोस आयरेसला जाणार होते, सगळ्या देशांच्या धावणाऱ्यांत आपल्या देशाचं नाव छातीवर घालून धावायला. एवारिस्तो इतका पुढं होता की मागे वळून पाहिलं तर नुसती धूळ दिसत होती. आणि शेवटच्या वळणावर लोबेराच्या नाचणाऱ्यांचा ताफा उभा होता. पाव्यांच्या दोन रांगा, मध्ये खांद्यावर सान पेद्रो, आणि सगळ्यांच्या पुढं निशाण घेतलेला बाल्दोमेरो. बाल्दोमेरो ताफ्याचा निशाणदार. संताशी बोलायचं ते त्यानंच, आणि तेही गाऊनच. त्यानं पोराला येताना पाहिलं आणि निशाण रस्त्यावर आडवं धरलं.

निशाण आडवं झालं की चिनोचं पाऊल पुढं पडत नाही. चिनो म्हणजे संताचा चाकर. गुडघ्यात वाकून उड्या घेत, छाती फुटेतोवर पावा फुंकत तो दिवसदिवस नाचतो, पण निशाणापुढं तो दगड होतो. गुडघा टेकायचा, निशाणदाराचं गाणं संपेतोवर मान खाली ठेवायची, निशाण उचललं की उठायचं. सहा वर्षांचा असल्यापासून एवारिस्तोच्या हाडांत हे मुरलेलं. तो गुडघ्यावर आला. एक कडवं गाऊन निशाण उचलता आलं असतं. बाल्दोमेरोनं चार गायली. दुसऱ्या कडव्याला एक धावणारा बाजूनं निघून गेला. चौथ्याला आणखी एक.

एवारिस्तो तिसरा आला.

त्या दिवसापासून बाल्दोमेरो सांगत होता, पोर संताला पाहून आपणहून थांबलं. कोळीवाडा तेच सांगत होता. रांगेतल्या प्रत्येक चिनोनं निशाण आडवं होताना पाहिलं होतं, पण निशाणदाराला खोटं कोण पाडणार? आणि खरं बोलण्याचं मोलही थोडंथोडकं नव्हतं. गेल्या वर्षी ताफ्याला बुजून एक घोडागाडी उलटली, तेव्हा बंदराच्या अधिकाऱ्यानं बजावलं होतं, पुन्हा रस्ता अडवलात तर लोबेराचा संत बंदरात उतरणार नाही. शिवाय जुनी रीत होतीच. ज्यानं निशाण स्वतःसाठी वापरलं, त्यानं ते कायमचं खाली ठेवायचं.

"सणाच्या दिवशी बापाशी भांडू नये गं," तोमासाआत्या पुरी उलटत म्हणाली.

"मग कुठल्या दिवशी भांडू, आत्या? तू वार सांग, मी त्या दिवशी येते."

"जिभेला हाड नाही तुझ्या. तुझी आई असती तर..."

"आई असती तर मला बोलावं लागलं नसतं."

लिसान्द्रोनं घसा खाकरला. पस्तिशीचा, बापासारखाच रुंद खांद्यांचा, पण बोलताना नेहमी दारात उभं राहिल्यासारखा बोलणारा. "मी काय म्हणतो, क्लबचा मिस्टर दुपारी येतोय ना? पोर थांबल्याचं त्याला फक्त कारण हवंय. गर्दी झाली होती म्हणू. कुणाचं नाव नको, काही नको. गर्दीत पोर अडलं, बस."

"गर्दी नव्हती, दादा," होडीवरून आवाज आला.

सगळ्यांनी माना वळवल्या. एवारिस्तोनं दातानं दोरा तोडला. "रस्ता मोकळा होता. तिथं फक्त बाबा होते."

बाल्दोमेरोनं वस्तरा पाण्यात आपटला. "ऐका. ऐका याचं! अरे, तुझ्यासाठी संताला देवळातून बाहेर काढला मी. पाऊस पडत नाही तेव्हाही सणाखेरीज काढत नाही आम्ही त्याला, तुझ्यासाठी काढला. आशीर्वाद द्यायला आलो होतो तुला."

"आशीर्वाद उभ्याउभ्या देता येतो," ओर्फेलिना म्हणाली. "निशाण उंच धरून देता येतो. धावत्या माणसाच्या अंगावरून निशाण फिरवलं असतंत तरी पोहोचला असता तो."

"तू मला निशाण शिकवणार? बाईमाणूस?"

"नाही बाबा. मी मासे शिकवते. मासा दारात अडवून ठेवला की नासतो, एवढं मला येतं."

तोमासाआत्या हसू दाबायला कढईकडं वळली. बाल्दोमेरोच्या मानेवरची शीर फुगली.

"छापून आणलं होतं त्यांनी," तो एकदम म्हणाला. आवाज खाली गेला होता, आणि म्हणूनच जास्त भीतीदायक वाटत होता. "क्लबवाल्यांनी. वर्तमानपत्रात. पोराचा फोटो, आणि खाली काय, तर आमच्या शिक्षकानं दोन वर्षांत याची छाती घडवली. शिक्षकानं! अंग चोळायला टॉवेल घेऊन उभा राहतो तो गोरा पोरगा, त्यानं? सहा वर्षांचा होता हा. डांग्या खोकल्यानं काळानिळा पडलेला. याच्या तोंडात पावा कुणी दिला? दर सणाला उन्हात, वाऱ्यात, पोट पाठीला लागेतोवर फुंकायला कुणी लावलं? ती छाती माझी आहे. तिचा एकेक श्वास मी घातलाय."



ओर्फेलिनाला सगळं कळलं. खरं तर रविवारीच कळलं होतं, पण आता त्याला तोंड फुटलं होतं. "म्हणजे आशीर्वाद नव्हताच," ती सावकाश म्हणाली. "तुम्ही बंदराला दाखवायला गेला होतात. बघा, तुमचा तो फोटोतला माणूस कुणापुढं गुडघे टेकतो."

बाल्दोमेरो तिच्याकडं वळला. एका गालावर साबण, एक गाल कोरा.

"श्वास तू घातलास?" हा आवाज तोमासाआत्याचा होता. तिनं झारा खाली ठेवला होता. "याच्या आईनं, क्लोरिंदानं, याला छातीशी धरून समुद्रात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून नवस केला होता. या सान पेद्रोच्या दिवशीच. ह्याचा श्वास मला परत दे, तो तुझ्याच कामी येईल, असं म्हणाली. मी तिच्या शेजारी उभी होते, परकर भिजवून. थंडीनं दात वाजत होते माझे, पण कान चांगले होते. तिनं नवस सान पेद्रोला केला. तुझं नाव त्यात मला ऐकू आलं नाही, बाल्दोमेरो."

"तूही?"

"मी काय, मी पुऱ्या तळते," आत्या म्हणाली आणि झारा उचलला. पण भावाकडं पाठ करून.

बाल्दोमेरोनं खुंटीवरून निशाण ओढलं आणि तसाच, अर्ध्या दाढीनिशी, फाटकातून बाहेर गेला. आरशात थोडा वेळ रिकामं आभाळ दिसत राहिलं.

"झालं?" लिसान्द्रो बहिणीवर उसळला. "बरं वाटलं? संध्याकाळी त्यांना सगळ्या गावापुढं गायचंय."

"तुला निशाणाची काळजी आहे, दादा. बाबांच्या मागं ते तुझ्या हातात येणार. बंदर बंद झालं तर तू काय मिरवणार, कोंबड्यांपुढं?"

लिसान्द्रोचा चेहरा उतरला. तो फुलांची टोपली उचलून किनाऱ्याकडं निघून गेला. आपण जरा जास्तच खोल सुरी घातली हे ओर्फेलिनाला जाणवलं. पण घातलेली सुरी परत काढली तरी मासा जोडला जात नाही.

ती होडीपाशी गेली. हाताला माशाचा वास, डोळ्यांत धूर.

"आणि तू," ती म्हणाली. "तुझा मला सगळ्यांत जास्त राग येतोय."

"माहीत आहे, ताई."

"मिस्टर येईल. विचारेल, कुणी अडवलं. तीन शब्द सांगायचेत तुला. बापानं निशाण टाकलं. संपलं. पुन्हा धावायला मिळेल."

एवारिस्तोनं पावा डोळ्यांसमोर धरून आत पाहिलं. "मी बोललो तर मी त्यांचं निशाण काढून घेतलं असं होईल. मला त्यांचं निशाण नकोय. ज्यानं आडवं टाकलं त्यानं उचलावं."

"आणि नाही उचललं तर?"

"तर टोपली उचलीन. काँग्रियो मासे विकीन."

ती त्याच्या पायांकडं पाहत राहिली. हे पाय तिच्या डोळ्यांसमोर घडले होते. रात्रीचा मासा ऊन चढायच्या आत किल्योताच्या बाजारात पोहोचवायला दोघं भावंडं टोपल्या घेऊन धावत, ती चढापर्यंत आणि तो चढाच्याही पुढं. ती धापा टाकत बसायची आणि तो टोपली डोक्यावर घेऊन टेकडीमागं नाहीसा व्हायचा, जणू त्याला कुणी पलीकडून हाक मारतंय. मग बंदरातली पहिली शर्यत, अनवाणी. लोकांनी आधी हसून घेतलं आणि मग टोप्या उडवल्या. मग सान्तियागोची, जिथं त्याला बूट दिले आणि तो बूट हातात घेऊन जिंकला. मग मागच्या साली पोटात कळ येऊन हरलेली, आणि त्यानंतरच्या सगळ्या जिंकलेल्या. प्रत्येक वेळी तो घरी यायचा, वाडगाभर भाजलेलं पीठ पाण्यात कालवून प्यायचा आणि म्हणायचा, "ताई, वारा समोरून होता." जिंकल्यावरही तेच, हरल्यावरही तेच.

रविवारी तो काही म्हणाला नव्हता.

"खाली खडी होती," तो आता म्हणाला. मान खालीच. "गुडघ्याला टोचत होती. पहिला जेव्हा बाजूनं गेला ना, त्याचा श्वास ऐकला मी. तुटलेला. संपलेला माणूस होता तो, ताई. चालत हरवला असता मी त्याला. आणि बाबा दुसरं कडवं गात होते." तो थांबला. "चांगलं गात होते. इतकं चांगलं मी त्यांचं कधी ऐकलं नव्हतं. त्याचाच जास्त राग आला."

क्लबचा शिक्षक मिस्टर पेनरोज दुपारी आला, घोड्यावरून, चिखलानं गुडघ्यापर्यंत माखून. बंदरातच जन्मलेला, बोलणं इथल्यासारखंच, फक्त कान उन्हानं जरा जास्त लाल व्हायचे. आत्यानं त्याला माशाच्या कालवणाचा वाडगा दिला. त्यानं तो उभ्यानं, मनापासून खाल्ला. मग तोंड पुसून मुद्द्यावर आला.

"पंच उद्या सकाळी बसतायत. रस्ता कुणी अडवला असेल तर पहिल्या तिघांना येत्या रविवारी पुन्हा पळवता येईल. मी त्यांच्याकडून तेवढं कबूल करून घेतलंय. पण अडवलं होतं असं कुणीतरी सांगायला हवं, एवारिस्तो. कुणी अडवलं तुला?"

"मी थांबलो."

"का?"

"थांबलो."

मिस्टरनं सुस्कारा सोडला. फुलांचा दोरा विसरला म्हणून परत आलेल्या लिसान्द्रोकडं वळला. "तुम्ही रांगेत होतात. काय पाहिलंत?"

लिसान्द्रोनं आधी बहिणीकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "पाव्यांच्या आवाजात काही दिसत नाही, मिस्टर."

"ऐकू येत नाही म्हणतात. दिसत नाही हे मी आज पहिल्यांदा ऐकतोय."

ओर्फेलिना पुढं झाली. तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात एवारिस्तोनं तिचं मनगट धरलं. पकड दुखेल इतकी घट्ट. "ताई सांगेल ते खोटं असेल," तो मिस्टरला म्हणाला. "ती तिथं नव्हती."

तिनं हात हिसडून सोडवला. आयुष्यात पहिल्यांदा तिला या भावाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. सगळ्यांनी त्याला वाटून घेतलं होतं. बापानं छाती, क्लबनं फोटो, संतानं श्वास. आणि हा वेडा स्वतःसाठी फक्त तोंड मिटून बसण्याचा हक्क राखून बसला होता.

"घोड्याला पाणी पाजतो," मिस्टर म्हणाला. "संत होडीत बसेपर्यंत आहे मी. त्यानंतर माझ्या हातात काही राहणार नाही."

धुकं उठलं तेव्हा पावे सुरू झाले. ज्यानं ते कधी ऐकले नाहीत त्याला वाटावं, कुणी वाऱ्याची कातडी सोलतंय. सूर नाहीच तो. एका रांगेचा फाटका हुंकार, त्याला समोरच्या रांगेचं फाटकं उत्तर. वाकायचं, उसळायचं, फुंकायचं. प्रत्येक चिनोचा समोरच्या रांगेत एक जोडीदार असतो. एवारिस्तोच्या समोर लिसान्द्रो होता. दोघं भाऊ एकमेकांच्या तोंडावर श्वास फेकत होते आणि डोळे चुकवत होते.

ओर्फेलिना बायकांमध्ये उभी होती. देवळाच्या दारात सान पेद्रोची पालखी ठेवली होती. लाकडी संत, एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात चांदीचा छोटा मासा. त्याच्यासमोर बाल्दोमेरो निशाण घेऊन आला आणि बायकांत खसखस पिकली. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर चार दिवसांची पांढरी खुंटं.

त्यानं निशाण उचललं. पावे थांबले. माना झुकल्या. त्यानं गायचं, आणि शेवटच्या दोन ओळी साऱ्या रांगांनी उचलून धरायच्या, अशी रीत. संतापुढं गायलेलं पुसता येत नाही. घरात बोललेलं पुसता येतं, दारूच्या बाकावर बोललेलं तर सकाळीच पुसलं जातं, पण पालखीपुढं गायलेलं राहतं.

पहिलं कडवं त्यानं नेहमीचं गायलं, समुद्राचं, जाळ्यांचं, बुडालेल्यांना आठवण्याचं. दुसरंही. रांगांनी ओळी उचलल्या. आता निशाण फिरवायचं आणि पालखी उचलायची.

निशाण फिरलं नाही.

बाल्दोमेरो नुसता उभा. वाऱ्यानं कापड त्याच्या कोऱ्या गालावर आपटत होतं. पालखी उचलायला वाकलेले चौघं तसेच वाकून राहिले. कुणीतरी खोकलं. ओर्फेलिनाला वाटलं, म्हातारा विसरला. मग तिच्या लक्षात आलं, तो विसरलेला नाही. तो गिळतोय. घशात अडकलेला काटा माणूस गिळायला बघतो, आणि जात नाही म्हटल्यावर शेवटी ओकतो, तसं त्याचं तोंड उघडलं.

"सान पेद्रो, तुझ्यापुढं
खोटं गाऊ कशापायी?
वाट पोराची अडवली
मीच, दुसऱ्या कुणी नाही."

समुद्र तेवढा हलत होता. रांगा गप्प. मग रीत रीतच असते म्हणून, किंवा ज्याच्या पोटात ते रविवारपासून कुजत होतं त्याला राहवलं नाही म्हणून, एक आवाज उठला. तो लिसान्द्रोचा होता. जाड, फाटका, सगळ्यांच्या पुढं.

"वाट पोराची अडवली
मीच, दुसऱ्या कुणी नाही."

आणि मग सगळे. दोन्ही रांगा, म्हातारे, पोरगेलेसे, ज्यांनी निशाण आडवं होताना पाहिलं होतं आणि घरी जाऊन पोर आपणहून थांबलं असं सांगितलं होतं ते सगळे. मीच, दुसऱ्या कुणी नाही. प्रत्येकजण स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या छातीवर घेऊन. तोमासाआत्यानं ओर्फेलिनाचा दंड धरला. तिची बोटं तेलकट होती.

एक एवारिस्तो गायला नाही. तो रांगेत ताठ उभा होता, डोळे बापावर, जबडा घट्ट मिटलेला.

बाल्दोमेरो थांबला नाही. एकदा वाट फुटली की पाणी कुणाला विचारत नाही.

"निशाण तुझं घेतलं मी
माझ्या मानासाठी हाती;
ठेवतो ते तुझ्या पायी,
रिते हात, तोंडी माती."

त्यानं निशाण पालखीत संताच्या पायांशी ठेवलं. गुंडाळून, झोपलेल्या मुलाला ठेवावं तसं. कुणी ते उचलायला पुढं आलं नाही. लिसान्द्रोसुद्धा नाही. तो आपल्या जागीच उभा राहिला आणि ओर्फेलिनाला त्याच्याविषयी सकाळी बोललेला प्रत्येक शब्द आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पालखी उचलली. निशाणाशिवाय, पावे फुंकत, ती वाळूच्या अरुंद पट्टीवरून होड्यांकडं निघाली.

मिस्टर टोपी हातात घेऊन बाल्दोमेरोपाशी आला. "मला हे पंचांना सांगावं लागेल."

"सांगायलाच गायलो."

"बंदरात तुमच्या ताफ्याला आता..."

"माहीत आहे." म्हातारा त्याच्याकडं पाहतही नव्हता. "रविवारी धावेल ना तो?"

"धावेल."

एवारिस्तो रांग सोडून बापासमोर येऊन उभा राहिला होता. इतक्या जवळ, की ओर्फेलिनाला वाटलं, आता गळ्यात पडेल. बाल्दोमेरोचे दोन्ही हात थोडे वर आले. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

"चार का गायलीत?" एवारिस्तो म्हणाला. "एक पुरलं असतं. एकानंतर उचललं असतंत तरी मी पहिला होतो. चार का?"

बाल्दोमेरोनं हात खाली घेतले. "दुसऱ्या कडव्यालाच कळलं होतं मला," तो म्हणाला. "चूक झाली ते. पण गाणं..." त्यानं मान हलवली. "गाणं चांगलं लागलं होतं रे."

एवारिस्तो त्याच्याकडं पाहत राहिला. ओर्फेलिना त्या नजरेत माफी शोधत होती. ती नव्हती. होता तो राग, धुतलेला, लख्ख, आता कुणाच्या आड न लपणारा. त्यानं डोक्यावरची चिनोची, बिलोरी मणी लावलेली टोपी काढली, कमरेचा पट्टा सोडला आणि दोन्ही वाळूत टाकले. पावा मात्र टाकला नाही. तो त्यानं बहिणीच्या हातात दिला.

"अरे, काही खाल्लं नाहीस सकाळपासून," ती म्हणाली. याहून शहाणं काही तिला सुचलं नाही.

तो धावत सुटला होता.

बंदराचा रस्ता किनाऱ्याच्या त्या टोकाला चढतो. एका बाजूला खडक, दुसरीकडं पाणी, आणि मधल्या वाळूत पालखी. दुसरी वाट नव्हती. बायका कुजबुजल्या. आत्यानं छातीवर क्रूस काढला. पालखीच्या मागं पोहोचला की तो थांबेल, मान झुकवेल, वाट मिळेपर्यंत पावलं आवरील. सहा वर्षांचा असल्यापासून त्यानं दुसरं काही केलं नव्हतं.

त्याचं पाऊल आखडलं नाही. पालखीपाशी आला तसा तो पाण्यात उतरला. लाटेनं त्याला पोटरीपर्यंत धरलं, त्यानं ती लाट फोडली, आणि लाकडी सान पेद्रोच्या अगदी खांद्याजवळून, मान ताठ, पाणी उडवत तो त्याला ओलांडून गेला. ते पाणी चांदीच्या माशावर उडालं. पावे एका क्षणासाठी चुकले. मग तो वाळूवर होता, मग चढावर, मग त्याच्या पाठीवर ओलं ऊन चमकत होतं.

बाल्दोमेरो ओर्फेलिनाच्या शेजारी येऊन उभा राहिला होता. ती त्याच्याकडं वळली नाही. तिचा राग अजून जागच्या जागी होता, आणि तो आज उतरणार नव्हता.

"बघ," म्हातारा हळूच म्हणाला. "नाही थांबला."

तिच्या मुठीत पावा होता. भावाच्या श्वासानं आतून अजून ओला.